एसयूव्हीचे नवे टायर : आधी ओली सडक, मग कच्ची वाट

एसयूव्हीचे पहिले टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला उतरतात आणि मालक टायरच्या दुकानात जाऊन उभा राहतो. दुकानदार दोन प्रकार पुढे करतो. एकाची नक्षी बारीक खाचांची, लांब सरळ चरांची. तो एचटी, म्हणजे हायवे टेरेन. दुसऱ्याचे रबराचे ठोकळे मोठे, कडा उठावदार, बाजूवर ठळक पांढरी अक्षरे. तो एटी, म्हणजे ऑल टेरेन. गाडी क्रेटा, ब्रेझा, सेल्टॉस अशांपैकी एखादी. आठवडाभर ऑफिस आणि मुलांची शाळा, सणासुदीला गाव, आणि वर्षातून काही वेळा पाचनई किंवा रतनवाडीसारख्या गडपायथ्याच्या गावाकडे, नाहीतर कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरून समुद्राकडे उतरणारी एखादी वाट. या काही फेऱ्यांसाठी मन दुसऱ्या टायरकडे ओढ घेते. वाट खडतर, म्हणून टायरही खडबडीत, हा हिशेब पटकन पटणारा आहे आणि तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. अशा गाडीचा टायर निवडताना पहिली कसोटी ओल्या डांबराची असावी. कच्च्या वाटेला जे लागते ते ठोकळ्यांत फार थोडे असते. ते टायरच्या बाजूच्या भिंतीत, त्या भिंतीच्या उंचीत आणि आत भरलेल्या हवेत असते.

ओल्या रस्त्याला एवढे महत्त्व का, हे टायर आणि रस्ता यांचा संबंध किती लहान जागेत येतो ते पाहिले की कळते. माणसे आणि सामान धरून पंधराशे किलोची गाडी असेल तर एका चाकाच्या वाट्याला सरासरी पावणेचारशे किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर तेवढे वजन पेलायला सुमारे १६० चौरस सेंटिमीटर जागा पुरते, म्हणजे सतरा सेंटिमीटर रुंद आणि साडेनऊ सेंटिमीटर लांब असा पट्टा. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे असे धरा. या पट्ट्याला दर सेकंदाला अकरा लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारावे लागते, आणि रबराचा कुठलाही एक ठिपका रस्त्याला टेकलेला असतो तो सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरता. तेवढ्या वेळात पाणी चरांतून निघाले नाही तर टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग एकाएकी हलके लागते आणि ब्रेकला उत्तर मिळत नाही. नासाचे वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ मध्ये यामागचे एक साधे गणित मांडले: नक्षीला पाणी आवरेनासे झाले की टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरते. त्या गणिताने ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास येतो, तर २० पीएसआयला ७५ च्या आसपास. महाबळेश्वर-आंबोलीच्या पट्ट्यात वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. ज्यांच्या गडवाटा आणि कोकणवाटा ताम्हिणी, वरंधा, आंबा, फोंडा अशा घाटांतून जातात, त्यांच्या प्रवासातली सर्वांत धोक्याची जागा पायथ्याची वाट नसते. ती जागा म्हणजे तिथे पोहोचवणारे घाटातले ओले वळण.

इथे एक रास्त शंका येते. एटी टायरचे चर रुंद आणि खोल असतात. मग पाणी त्यातून अधिक सहज निघायला नको का? साचलेल्या खोल पाण्यापुरते हे खरेही आहे. पण पावसाळी ब्रेकिंगचा बहुतेक प्रसंग खोल पाण्याचा नसतो, भिजलेल्या डांबरावरच्या पातळ थराचा असतो. तिथे पकड येते ती रबर डांबराच्या बारीक उंचवट्यांवर दबून त्यांच्या फटींत शिरते म्हणून. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: रस्त्याला भिडणारे रबर भरपूर हवे, ते मऊ हवे, आणि त्यावर पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या बारीक चिरा हव्यात. रस्त्याच्या टायरमध्ये मिशेलिनने १९९२ पासून सिलिका मोठ्या प्रमाणावर आणली आणि पुढे बहुतेकांनी तो मार्ग धरला. ओल्यावरची पकड टिकवून टायरचा लोळण-विरोध, म्हणजे चाक फिरताना वाया जाणारी ताकद, कमी करता येते हे त्यातून सिद्ध झाले. एटी टायरच्या घडणीत या तिन्हींना थोडी-थोडी कात्री लागते. चर रुंद, म्हणून प्रत्यक्ष टेकणारे रबर कमी. ठोकळे उंच आणि सुटे, म्हणून जोरात ब्रेक दाबला की ते वाकतात. आणि धारदार दगडांनी त्यांचे तुकडे उडू नयेत म्हणून रबराचे मिश्रण सहसा अधिक कणखर ठेवलेले असते. आजच्या सौम्य एटी टायरांत, उदाहरणार्थ योकोहामाच्या जिओलँडर मालिकेतल्या जी०१५ मध्ये, चिरा भरपूर आहेत आणि हा फरक बराच कमी झाला आहे, हे मान्यच. पण त्याच दर्जाच्या, त्याच किमतीच्या चांगल्या एचटीशी तुलना केली तर पारडे अजून एचटीकडेच झुकते. आवाज आणि इंधनाचेही तसेच. अमेरिकेच्या वाहतूक संशोधन मंडळाने २००६ च्या अहवालात काढलेला अंदाज असा, की लोळण-विरोध दहा टक्क्यांनी घटला तर इंधन एक-दोन टक्क्यांनी वाचते. एटी घेतल्यावर हा हिशेब उलट्या दिशेने चालतो. रक्कम फार मोठी नाही, पण ती रोज जाते.

आता कच्ची वाट. आपल्याकडच्या हलक्या वाटा म्हणजे मुरूम, उखडलेली खडी, बेसॉल्टचे कोनेदार दगड, जांभ्याचे खरखरीत कातळ, आणि पावसाळ्यात चिखल. कोरड्या मुरुमावर किंवा कातळावर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने जाताना नवा एचटी घसरत नाही. पकडीची अडचण तिथे क्वचितच येते. टायर निकामी होतो तो वेगळ्याच कारणाने. चाक एका कोनेदार दगडावर आदळते, टायर आतपर्यंत दबतो, आणि दगडाची धार व लोखंडी किंवा अलॉय रिमची कड या दोहोंच्या मध्ये त्याची भिंत चिमटली जाते. आतले धागे तुटतात. कधी लगेच हवा जाते, तर कधी दोन दिवसांनी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसू लागतो. जमिनीला टेकणाऱ्या भागातले लहान भोक आतून पॅच लावून नीट दुरुस्त होते. भिंतीला गेलेली चीर किंवा आलेला फुगा दुरुस्त होत नाही, तो टायर संपला. म्हणून वाटेचा विचार करताना पहिला प्रश्न भिंत किती उंच आहे हा, आणि दुसरा ती किती जाड आहे हा. २१५/६० आर १७ या मापात २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ६० हे त्या रुंदीच्या टक्क्यांत भिंतीची उंची, म्हणजे १२९ मिलिमीटर. २१५/५५ आर १८ मध्ये ती ११८ वर येते, तर २१५/६५ आर १६ मध्ये १४० ला जाते. बाहेरून पाहता तिन्ही चाकांचा व्यास जवळपास सारखा, ६९ सेंटिमीटरच्या आगेमागे. फरक एवढाच की मोठ्या रिमच्या टायरमध्ये दगड आणि धातू यांच्यात हवेची जागा कमी उरते. गाडी दिमाखदार दिसावी म्हणून मोठी अलॉय चढवणारा माणूस वाटेसाठी एटी टायर घेतो, तेव्हा एका हाताने दिलेले तो दुसऱ्या हाताने काढून घेत असतो. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला कंपनी एक इंच लहान रिम देत असेल तर कच्च्या वाटेसाठी ती रिम आणि तिच्याबरोबरचा कंपनीने ठरवलेला टायर ही कोणत्याही आक्रमक नक्षीपेक्षा चांगली खरेदी आहे.

या म्हणण्याला मारुतीच्या जिम्नीची साक्ष काढता येते. २०२३ मध्ये भारतात आलेली ही गाडी खऱ्या अर्थाने रानात जाणारी: लॅडर फ्रेम, लो गिअरसह फोर-व्हील ड्राइव्ह. तिला कारखान्यातून मिळणारे माप आहे १९५/८० आर १५. रुंदी फक्त १९५, भिंत १५६ मिलिमीटर, रिम अवघी पंधरा इंची, आणि चाकाचा एकूण व्यास क्रेटाच्या सतरा इंची चाकाएवढाच. शिवाय त्यावर येणारा ब्रिजस्टोनचा ड्युएलर हा एचटी जातीचा. ज्यांनी ती गाडी डोंगरासाठीच घडवली त्यांनी अरुंद टायर, उंच भिंत आणि सौम्य नक्षी पसंत केली, ही गोष्ट शहरी एसयूव्हीच्या मालकाने विचारात घ्यावी अशी आहे.

चिखलाचे काय, हा पुढचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. ओल्या चिखलात एचटीची बारीक नक्षी लवकर भरते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते, हे खरे. पण चिखल कोणता तेही पाहावे लागते. दख्खनच्या पठारावरच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे पाणी पिऊन फुगणारे खनिज भरपूर असते. पाऊस पडला की ती चिकट होते आणि शेतातून आलेल्या माणसाच्या चपलेखाली बसावा तसा थर टायरभर बसवते. त्या मातीत सौम्य एटीचे ठोकळेही काही मीटरांत बुजतात. तो चिखल झटकून टाकायला एमटी, म्हणजे मड टेरेन टायर लागतो, आणि रोजच्या गाडीला तो कोणी सुचवणार नाही. दुसरी मर्यादा गाडीची स्वतःची. आपल्याकडच्या बहुसंख्य कॉम्पॅक्ट एसयूव्ही फक्त पुढच्या चाकांवर चालतात. चढावर वजन मागे सरकते, नेमकी ओढणारी चाके हलकी होतात. त्यातले एक निसरड्यावर आले की साधा डिफरन्शिअल दुसऱ्या चाकालाही तेवढीच क्षीण ओढ देतो. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून थोडी मदत करतो, पण थोडीच. एटी टायर या गाडीला चिखलात आणखी वीस-तीस मीटर पुढे नेईल. बरेचदा ती पुढे जाऊन रुतते आणि मग ट्रॅक्टर यायलाही जागा नसते. पावसाळ्यात रुतण्याजोगी वाट दिसली की गाडी अलीकडे लावून चालत जाणे हाच या गाड्यांसाठी खरा उपाय आहे. गडावर तर चालायचेच असते.

एवढे सांगितल्यावर एटीची खरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. काही एटी टायरांची भिंत अधिक थरांची असते, खांद्यावर जादा रबर असते, आणि ठोकळ्यांची खोली जास्त असल्याने खडीवर ते अधिक टिकतात. ज्याचे शेत किंवा बाग पक्क्या सडकेपासून तीन-चार किलोमीटर आत आहे आणि तिथे रोजचे जाणे आहे, ज्याचे काम खाणपट्ट्यात किंवा धरणाच्या बांधकामावर आहे, ज्याच्याकडे थार किंवा स्कॉर्पिओ-एन फोर-व्हील ड्राइव्ह आहे आणि ती ड्राइव्ह तो वापरतो, त्याने सौम्य एटी घ्यावा आणि ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे. माझ्या मते ही रेषा गाडी कापते त्या अंतराच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर काढावी: एकूण अंतराचा निदान तेवढा भाग खरोखर कच्चा असेल तर एटीचा विचार. त्याहून कमी असेल तर एचटीच, पण स्वस्तातला पातळ भिंतीचा नको. पांढऱ्या अक्षरांवरून भिंतीची ताकद कळत नाही. टायरच्या बाजूवर साइडवॉल या शब्दापुढे थरांची संख्या आणि पॉलिस्टर असा धाग्याचा प्रकार छापलेला असतो. एक थर की दोन, हे तिथे वाचता येते.

मापाच्या बाबतीत मोह दोन प्रकारचे. एक, रुंद टायर घेण्याचा. वर पाहिले तसे टेकणारे क्षेत्र मुख्यतः वजन आणि हवा यांवर ठरते. टायर रुंद केला की पट्टा रुंद पण लांबीला आखूड होतो, आणि पाण्याला बाजूला जायला जास्त अंतर कापावे लागते. म्हणजे साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो. दुसरा मोह उंच टायरचा. २१५/६० आर १७ च्या जागी २३५/६५ आर १७ बसवला तर व्यास ६९० वरून ७३७ मिलिमीटर होतो. ग्राउंड क्लिअरन्स वाढतो जेमतेम २४ मिलिमीटर. बदल्यात टायर चाकाच्या कमानीला घासण्याची शक्यता, ब्रेक आणि स्टिअरिंगवर जादा भार, चढावर जड झालेला पहिला गिअर, आणि मीटर ८० दाखवताना गाडी पूर्वीच्या मानाने साडेपाच किलोमीटर अधिक वेगात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालताना हे माप आड येऊ शकते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: वेगळ्या मापाचा टायर दापोलीत किंवा चंदगडला फुटला तर त्या दिवशी तसा दुसरा मिळणार नाही. तेव्हा कंपनीचेच माप ठेवावे, आणि मापापुढचा आकडाही. ९६ एच असेल तर ९६ म्हणजे त्या टायरची भारक्षमता ७१० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता. भाराचा आकडा मूळपेक्षा कमी कधीच घेऊ नये. कुटुंब, सामान आणि टपावरचे कॅरिअर घेऊन घाट चढणारी गाडी त्या आकड्यावर उभी असते.

वाटेवर टायरची वागणूक सर्वांत स्वस्तात बदलते ती हवेने. खडीच्या लांब वाटेवर हवा ३३ वरून २६ पर्यंत उतरवली की टेकणारा पट्टा मोठा होतो, टायर दगडावर लवचीक बसतो, तीक्ष्ण टोकांवरचा दाब कमी होतो, गाडीतल्या माणसांची पाठही वाचते. वेग मात्र बैलगाडीच्या जरा वरचाच ठेवावा, कारण कमी हवेच्या टायरने मोठा दगड वेगात घेतला तर तोच भिंत चिमटण्याचा प्रकार होतो. आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर दर फेरीला जास्त वाकतो, त्यामुळे तापतो. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर मे महिन्यात तासाला १२० च्या वेगाने हा ताप टायर फोडू शकतो, आणि पावसाळ्यात तोच टायर पाण्यावर लवकर चढतो. म्हणून एचटी आणि एटी यांच्या किमतीत जो फरक पडतो त्यातून गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर आणि खात्रीचा प्रेशर गेज घ्यावा. कच्च्या वाटेसाठी याहून उपयुक्त खरेदी मला दिसत नाही.

दुकानात आपल्या हाती माहिती किती? आयएसआय मार्क सक्तीचा आहेच. ओल्या रस्त्यावरची पकड, लोळण-विरोध आणि आवाज यांची किमान पातळी ठरवणारे एआयएस-१४२ हे मानक २०२२-२३ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले, ही चांगली गोष्ट. पण टायर त्या पातळीच्या किती वर आहे ते ग्राहकाला दिसत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे, तारे दिसतात, मात्र ते इंधनबचतीसाठी असतात. पाच तारे म्हणजे पावसात उत्तम पकड असा अर्थ कोणी काढू नये. युरोपात टायरच्या लेबलवर ओल्या पकडीची ए ते ई अशी प्रतवारी छापतात आणि तिथे विकल्या जाणाऱ्या नमुन्यांसाठी ती कोणालाही पाहता येते. भारतात त्याच नावाने मिळणाऱ्या टायरचे मिश्रण वेगळे असू शकते, त्यामुळे ती केवळ दिशा दाखवते. इतकी महत्त्वाची प्रतवारी आपल्या दुकानांत लावलेली नाही, आणि ग्राहकांनी ती मागायला हवी. तारीख मात्र आपण स्वतः वाचू शकतो: बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीअखेर चार आकडे असतात, ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. वर्षाहून जुना माल नाकारावा. हवेतला ओझोन आणि ऊन यांनी रबर हळूहळू कडक होते, आणि नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतरच्या टायरकडे संशयानेच पाहावे.

चर १.६ मिलिमीटरवर आले की त्यांच्या तळाशी असलेल्या आडव्या पट्ट्या रबराच्या पातळीला येतात. तो शेवटचा इशारा असतो. पावसाळ्यात फिरणाऱ्याने तीन मिलिमीटरलाच बदलाचा विचार करावा, शक्य तर मे महिन्यात. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवावेत. दुकानदार म्हणेल, गाडी पुढच्या चाकांवर चालते, नवे पुढे हवेत. पण पुढची चाके सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, आणि ॲक्सिलरेटर सोडला की बरेचदा आवरते. ओल्या वळणावर मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि साध्या चालकाला तेव्हा काहीच करता येत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र चारही एकदम बदलावेत, कारण नव्या-जुन्या व्यासांतला फरक तिच्या यंत्रणेवर ताण आणतो. राहिली स्टेपनी. २०२० च्या नियमबदलानंतर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना ती न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली, आणि अनेक गाड्यांत पूर्वीपासून लहान मापाची स्टेपनी येते. पंक्चर किटमधले द्रव्य खिळ्याचे भोक बुजवते, दगडाने फाटलेली भिंत नाही. वाटेवर जाणाऱ्याने डिकीत जागा होत असेल तर पूर्ण मापाचे पाचवे चाक ठेवावे. नव्या चारांबरोबर ते घेणे परवडत नसेल तर जुन्या चारांतला सर्वांत कमी झिजलेला टायर त्या रिमवर चढवून घ्यावा, आणि महिन्यातून एकदा इतर चाकांबरोबर त्याचीही हवा पाहावी.